मुलाबाळांसह प्रवास आणि मुक्कामाची वस्ती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



भाषण करणे हा काही माझा प्रांत नव्हे. हळदीकुंकवाला चारजणींत बोलणे निराळे आणि ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून बोलणे निराळे. परंतु मागील बैठकीत मी सहज बोलून गेले की, मुले घेऊन मुंबईला जायचे तर काय पाहायचे ते मागाहून ठरवा, आधी राहायचे कोणत्या वस्तीत ते ठरवा. अध्यक्षीणबाईंनी ते वाक्य तिथल्या तिथे धरून ठेवले आणि म्हणाल्या, "मग वर्धापनदिनाला तूच बोल की यावर." बोललेल्या शब्दाला जागणे भाग आहे, म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

आपल्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला 'कोठे चाललात?' याइतकाच दुसरा एक प्रश्न विचारतात, तो म्हणजे 'मुक्काम कोठे?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. इंद्रायणीपलीकडे पाहिले की आळंदी जवळच. माउलींची पालखी निघते, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे असे एकेक मुक्काम करीत पंढरीला पोहोचते. वारीला गेलेल्या आपल्या सासवा-आज्यांना विचारा. पाणी कोठे आहे, सावली कोठे आहे, बायकांना आडोसा कोठे आहे, हे पाहिल्यावाचून त्यांनी कधी राहुटीची दोरी सोडली नाही. पुढचा टप्पा किती मैलांचा याचाही हिशेब त्या रात्री झोपण्याआधी होत असे. एवढे शहाणपण ज्या घरात आहे, त्याच घरातले आपण शहरात जाताना मात्र राहण्याची जागा भाड्याचा आकडा पाहून ठरवतो आणि बाकी सारे नशिबावर सोपवतो. मीही तेच केले होते. तीच हकीकत आधी सांगते.

२०२२ सालची दिवाळीची सुट्टी. थोरली तेव्हा आठ वर्षांची होती आणि धाकटा साडेतीन वर्षांचा. मुलांना मुंबई दाखवायची असे बरेच दिवस घरात चालले होते. राहण्याची व्यवस्था आमच्या यजमानांनी केली. ते येथल्याच औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. कंपनीच्या कामासाठी त्यांना मधून मधून मुंबईस जावे लागते आणि तेव्हा ते अंधेरीच्या पूर्वेला, महामार्गाच्या काठी उतरतात. जागा स्वच्छ, भाडे बेताचे, विमानतळ जवळ, कचेऱ्या जवळ. त्यांच्या कामाला ती जागा अगदी योग्य. मीही विचारले नाही. खरे म्हणजे विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. राहण्याची जागा पुरुषांनी ठरवायची आणि डबा, औरस-चौरस पिशव्या व मुलांचे कपडे आपण बांधायचे, अशी आपली जुनी वाटणी.

पहिल्याच दिवशी ध्यानात आले की, आम्हांला जे पाहायचे होते ते सारे दूर, दक्षिणेकडे. अंधेरीपासून चर्चगेट रुळाने २२ किलोमीटर. रस्त्याने गेलो तर गर्दीच्या वेळी किती वेळ लागेल याचा नेम नाही. सकाळी निघालो, दुपारपर्यंत मुले पेंगुळली, आणि परत येऊन घटकाभर निजवावे म्हटले तर दीड तासाची वाट. धाकटा गेटवेसमोर माझ्या मांडीवरच झोपला. त्याने बोटी पाहिल्या नाहीत, समुद्र पाहिला नाही. रात्री परत आलो तो त्याचे अंग तापलेले.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. त्याला आधी एकदा तापात आकडी आली होती. गावातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवले होते की, तापाचे औषध नेहमी जवळ असू द्या, आणि आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. ती औषधाची बाटली घरी फडताळात राहिली होती. रात्रीचे साडेदहा झाले होते. खाली विचारले तर सांगण्यात आले की औषधाचे दुकान आहे, पण महामार्गाच्या पलीकडे. नकाशावर ते बोटभर अंतरावर दिसत होते. प्रत्यक्षात मधून धावत होता तो न थांबणारा वाहनांचा लोंढा, आणि ओलांडण्याचा पूल बराच पुढे. यजमान धावत गेले. ते परत येण्यापूर्वीच मुलाला आकडी आली.

मैत्रिणींनो, घड्याळाप्रमाणे ती तीन मिनिटे होती. मला तीन प्रहर वाटले. त्याला कुशीवर निजवून मी घड्याळाकडे पाहत बसले. आकडी थांबली तसे त्याला खांद्यावर टाकून खाली रस्त्यावर उभी राहिले. त्या रस्त्यावर माणूस म्हणून नव्हते. दुकानाचा दिवा नव्हता, खिडकीतून डोकावणारे कोणी नव्हते, 'बाई, काय झाले?' म्हणणारे तोंड नव्हते. गाड्या मात्र शेकड्यांनी. शेवटी एक रिक्षा थांबली. चालक उत्तरेकडचा होता. त्याने काही न विचारता आम्हांला रुग्णालयात नेले आणि यजमान येऊन पोहोचेपर्यंत तो तेथून हलला नाही. डॉक्टर भले होते. पहाटे ताप उतरला, मूल हसले, आणि मग मला थोरलीची आठवण झाली. ती बाकावर औषधाची पिशवी छातीशी धरून बसली होती. तिच्या पायांत चपला उलट्या-सुलट्या होत्या. रात्रभर ती तशीच बसली होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गावी परतलो. सुट्टीनंतर शाळेत 'मी पाहिलेली मुंबई' असा निबंध लिहायला सांगितला होता. पोरीने लिहिले, 'मुंबईत खूप मोठा रस्ता असतो आणि तो ओलांडता येत नाही.' पुढे काहीच लिहिले नव्हते.

मी ती वही कितीदा वाचली असेन! हळूहळू मला कळले की, दोष मुंबईचा नव्हता आणि त्या उतरण्याच्या जागेचाही नव्हता. खोली स्वच्छ होती, पाणी होते, नोकर नम्र होते. चुकले ते एवढेच की आम्ही खोली निवडली आणि वस्ती निवडली नाही. मोठा माणूस दिवसभर बाहेर असतो, त्याला खोली ही पाठ टेकण्यापुरती हवी असते. मुलांचे तसे नसते. त्यांचा अर्धा दिवस खोलीच्या आसपास जातो. खालची गल्ली, कोपऱ्यावरचा दुकानदार, समोरचे मैदान हेच त्यांचे शहर. म्हणून मुले घेऊन जाणाऱ्या आईने खोलीच्या आत पाहावे, पण त्याआधी खोलीच्या खाली उतरून पाहावे.

२०२५ सालच्या दिवाळीनंतर पुन्हा मुंबईला जाण्याचा विषय निघाला. थोरली म्हणाली, "मी नाही येणार." अकरा वर्षांची मुलगी मुंबईला यायला नाही म्हणते, हे ऐकून मला फार वाईट वाटले. मी यजमानांना म्हटले, "या वेळी मुक्कामाची जागा मी ठरवते." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ठरव." सासूबाईंनी मात्र स्वयंपाकघरातून आवाज दिला, "आगं, लेकरं काय मुंबईत राह्यला चालल्यात व्हय? दोन रातीचं काम, कुठंबी पडायचं!" मी म्हटले, "आत्याबाई, वारीत तुम्ही कुठंबी पडत होता का?" त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पानी बग मग आदी."

मी एका कागदावर प्रश्न लिहून काढले. ते तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिला प्रश्न असा की, रात्री दहा वाजता पायांत चप्पल सरकवून खाली उतरले तर दूध, औषध आणि डॉक्टर चालत जाण्याच्या टप्प्यात मिळतील काय? दुसरा, दुपारी जेवून मुलांना घटकाभर निजवायला परत येता येईल काय? तिसरा, रस्त्याला पदपथ आहे काय, आणि मुलाचा हात धरून रस्ता ओलांडता येतो काय? चौथा, पैसे न देता धावायला मोकळी जागा जवळ आहे काय? पाचवा, वरणभात, दहीभात, इडली असे मऊ आणि ओळखीचे अन्न जवळ मिळते काय? आणि सहावा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, संध्याकाळी सात वाजता त्या रस्त्यावर बायका आणि मुले दिसतात काय? ज्या रस्त्यावर त्या वेळी बायका भाजी घेताना दिसतात आणि मुले खेळताना दिसतात, तेथे आपल्यालाही कोणी परके वाटू देत नाही.

उत्तरे कशी मिळवायची, असे तुम्ही विचाराल. मोबाईलवरचा नकाशा पाहावा. त्यात आता रस्त्यांची छायाचित्रेही दिसतात. परंतु नकाशा अंतर दाखवतो, वाट दाखवतोच असे नाही, हे मी किंमत देऊन शिकले आहे. म्हणून उतरण्याच्या जागी दूरध्वनी करावा आणि भाडे विचारण्याआधी विचारावे, 'तुमच्याजवळचे औषधाचे दुकान कोणते? मधे मोठा रस्ता ओलांडावा लागतो का?' उत्तर देणाऱ्याला फार आठवावे लागले तर दुसरी जागा पाहावी. आणि त्या भागात कोणाची मावशी, नणंद, वहिनी राहत असेल तर तिला विचारावे. ती जे सांगेल ते कोणत्याही जाहिरातीत नसते.

हे प्रश्न घेऊन मी मुंबईच्या वस्त्या एकेक करून पाहिल्या. फोर्ट आणि कुलाबा या भागांत पाहण्याजोगे पुष्कळ, पदपथ रुंद, कमानींखालून सावलीत चालता येते. परंतु फोर्टमध्ये कचेऱ्या बंद झाल्या की रस्ते ओस पडतात, आणि कुलाब्याचे भाडे आपल्या खिशाला झेपणारे नाही. गिरगाव मनाला जवळचे. भाषा आपली, सणवार आपले, चौपाटी हाकेवर. पण गल्ल्या अरुंद आणि वर्दळ फार. ठाणे आणि नवी मुंबई येथे खोल्या ऐसपैस मिळतात, परंतु रोजचे जाणे-येणे मुलांना दमवते. मग राहिले दादर आणि माटुंगा.

या भागाची गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीच्या, अंधाऱ्या, कोंदट घरांत माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यानंतर १८९८ साली शहर सुधारणेसाठी एक स्वतंत्र विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखून-रेखून नवी वस्ती वसवण्याची योजना केली. रस्ते रुंद ठेवले, कडेने झाडे लावली, घरांमध्ये वारा खेळता ठेवला. हिंदू कॉलनी आणि माटुंग्याच्या पाच बागा या त्यातूनच आल्या. आज आपण तेथे मुलाचा हात धरून सावलीतून चालतो, ते कोणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी आधी विचार केला म्हणून.

आणि शिवाजी पार्क! ते मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. त्या वेळी त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ साली शिवछत्रपतींचे नाव त्याला देण्यात आले, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. मुंबईतील त्या एवढ्या मोठ्या मैदानाच्या नावामागे एक स्त्री आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक होते? मला तरी नव्हते.

आम्ही चिंचवडहून सकाळची सिंहगड एक्सप्रेस पकडली आणि दादरला उतरलो. पहिली सूचना ही की, दादरला राहायचे तरी अगदी स्थानकाला लागून राहू नये. तेथे पहाटेपासून फुलबाजाराची झुंबड असते आणि पुलावर माणसांचा पूर. स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटे आत गेले की तेच दादर शांत होते. आम्ही शिवाजी पार्कच्या बाजूला एका गल्लीत उतरलो. खोली लहान होती, चार माणसे उभी राहिली की भरून जाणारी. पण खाली उतरले की डाव्या हाताला औषधाचे दुकान, त्याच्या शेजारी डॉक्टरांची पाटी, पुढे दूधवाला आणि किराणा. मी सामान ठेवले आणि आधी खाली जाऊन हे सारे डोळ्यांनी पाहून आले. या वेळी औषधाची बाटली माझ्या पिशवीत होती, तरीही पाहून आले.

पहिल्या दिवशी काहीच पाहायचे नाही असे ठरवले होते. मुले जेवली, झोपली, आणि संध्याकाळी मैदानावर गेली. तेथे एका कोपऱ्यात क्रिकेट, दुसरीकडे मल्लखांब. भोवतालचा कट्टा एक किलोमीटरहून थोडा अधिक लांब, आणि त्यावर आजोबा, आज्या, कॉलेजची मुले सारी बसलेली. आमचा धाकटा तेथल्या मुलांत कधी मिसळला ते कळलेही नाही. थोरली कट्ट्यावर माझ्याशेजारी बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, इथला रस्ता ओलांडता येतो." तेवढ्या एका वाक्यासाठी मी मुंबईला आले होते असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीचा बाग. दादरहून मध्य रेल्वेच्या धिम्या लोकलने परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. तेथून चालत जाता येते. बागेला बुधवारी सुट्टी असते हे ध्यानात ठेवा, नाहीतर मुलांचा हिरमोड होतो. पेंग्विन पाहिले, वाघ पाहिला, आणि एक वाजता आम्ही परत खोलीवर. मुले दोन तास झोपली. याआधीच्या खेपेला जो दिवस रडत गेला होता तोच दिवस या वेळी हसत गेला, आणि फरक पडला तो दुपारच्या या दोन तासांनी.

तिसऱ्या दिवशी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र. ते १९८५ साली सुरू झालेले. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाऊ लागली आहे. दादरला बसले की चौथ्या स्थानकावर विज्ञान केंद्र. सरकते जिने, उद्वाहन, थंड हवा. मूल कडेवर घेतलेल्या बाईला ही मोठीच सोय. चौथ्या दिवशी त्याच मेट्रोने हुतात्मा चौक, तेथून चालत वस्तुसंग्रहालय आणि गेटवे. धाकट्याने या वेळी बोटी पाहिल्या. आधी झोपेत पाहिल्या होत्या, असे तो ठामपणे सांगतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळांत लहान मुले घेऊन लोकलमध्ये शिरू नये. आणि रिक्षा उपनगरांतच चालतात. माहीम आणि शीव यांच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेच्या अंगाला, टॅक्सी करावी लागते. त्याचा खर्च आधीच धरून ठेवावा.

आता पैशांचे. दादरची खोली आधीच्या खोलीहून महाग पडली, हे मी लपवत नाही. आकार लहान आणि भाडे अधिक! परंतु पहिल्या खेपेला गाडीभाड्यात जे गेले ते या वेळी वाचले. दुपारचे जेवण परत येऊन साधेपणाने झाले, तेही वाचले. शेवटी यजमानांनी हिशेब मांडला तेव्हा फरक फारसा उरला नव्हता. आणि समजा उरला असता, तरी एक दिवस कमी राहावे पण योग्य वस्तीत राहावे, असेच मी म्हणेन.

मैत्रिणींनो, सहल ही त्यातली हौसेची बाजू झाली. आपल्या गावांतून मुले घेऊन मुंबईला जाणारे कितीतरी लोक हौसेने जात नाहीत. परळला वाडिया मुलांचे रुग्णालय आहे, केईएम आहे, टाटा रुग्णालय आहे. ज्या आईचे मूल आजारी आहे ती पत्ता विचारीत स्थानकावर उतरते, तेव्हा तिला आधी खोली शोधावी लागते. दूरची स्वस्त खोली तिने घेतली तर आजारी मुलाला रोज गर्दीतून न्यावे-आणावे लागते. अशा वेळी रुग्णालयापासून चालत जाता येईल अशीच वस्ती पाहावी. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे. तेथे जागा मिळण्याचे नियम असतात, कागद लागतात. म्हणून गावाहून निघण्यापूर्वीच चौकशी करावी, आणि रुग्णालयातील समाजसेवा विभागाला भेटावे. आपल्या मंडळाने अशी माहिती एका वहीत लिहून ठेवली तर एखाद्या आईची रात्र रस्त्यावर जाणार नाही.

पूर्वी हा प्रश्न नव्हता असे जुन्या बायका सांगतात. खेड, आंबेगाव, जुन्नरची माणसे गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला होती. लालबाग-परळच्या चाळीत गावातल्या कोणाची ना कोणाची खोली असेच. दहा बाय बारांच्या त्या खोलीत आधीच दहा माणसे, त्यात आणखी चार मावायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या, आणि ती हक्काची खोली गेली. आता आपला मुक्काम आपल्यालाच शोधायचा आहे.

आणि आता शेवटचे, जे सांगण्यासाठी खरे तर मी उभी राहिले. मुंबईहून परतल्यावर आठच दिवसांत आमच्या मागच्या खोलीत नवे बिऱ्हाड आले. नवरा येथल्या कारखान्यात लागला होता. बाई लातूरकडची, बरोबर दोन लहान मुले. सामान उतरवता उतरवता तिने मला विचारले, "ताई, इथं रातच्याला दूध कुठं मिळतं? लेकरांना खेळाया मैदान हाय का?" तेच माझ्या कागदावरचे प्रश्न! दुधाचे मी सांगितले. मैदानाचे काय सांगावे मला सुचेना.

भगिनींनो, आपले गाव आता नुसते गाव राहिलेले नाही. शिवारात कारखाने आले, खोल्या झाल्या, मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे लेकराबाळांसह येथे राहायला आली. आपण खोलीचे भाडे घेतो. पण त्यांना आपण वस्ती देतो काय? आपल्या रस्त्यावरून मालवाहू गाड्या धावतात. मूल घेऊन तो रस्ता ओलांडता येतो काय? संध्याकाळी सात वाजता आपल्या गल्लीत दिवा असतो काय? रात्री एखाद्या परमुलुखातल्या बाईचे मूल तापाने फणफणले तर तिच्यासाठी खिडकी उघडणारे कोणी असते काय? माझी पोर ज्या रस्त्यावर उलट्या चपला घालून घाबरली, तसा रस्ता दुसऱ्या कोणाच्या पोरीसाठी आपल्याच दाराशी तर नाही ना, हे मला घरी आल्यावर दिसू लागले.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. अवंतिकाबाई नगरसेविका होत्या तेव्हा अशा स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आपल्याला तेवढी अडचण नाही. माझी मंडळापुढे सूचना अशी की, येत्या वर्षात आपण तीन गोष्टी मागून घेऊ या. शाळेजवळ रस्ता ओलांडण्याची सोय, अंधाऱ्या गल्ल्यांत दिवे, आणि मुलांसाठी कुंपणाचे एक मैदान, मग ते लहान का असेना. शिवाय नव्या बिऱ्हाडाच्या बाईला डॉक्टर, औषधाचे दुकान आणि दूधवाला दाखवून देण्याचे काम गल्लीतल्या एकेकीने वाटून घ्यावे. त्याला पैसा लागत नाही.

त्या लातूरच्या बाईला मी दुसऱ्या दिवशी बरोबर घेऊन गेले आणि डॉक्टरांचे घर दाखवले. मैदानाचे उत्तर अजून देणे आहे. ते आपण सर्वांनी मिळून द्यावे अशी विनंती करते.